चौतीसशेवर उभी गाडी

दातांचे डॉक्टर गाडी घेऊन आले तेव्हा धाकटी लेथवर वाकलेली होती. त्यांनी दोनदा खाकरूनही तिनं मान वर केली नाही, कारण कापायचं काम मध्येच सोडता येत नाही. डॉक्टरांना ते कळत असावं. ते शेजारच्या स्टुलावर मुकाट्यानं बसून राहिले.

ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा एक पोलादी डबा असतो. दोन खोलगट थाळ्या तोंडाला तोंड लावून कडेनं वेल्ड कराव्यात तसा दिसतो, आणि आत तेल भरलेलं असतं. धाकटी असे डबे कापायची, आतली पाती हवी तशी वाकवायची आणि डबा पुन्हा जोडायची. शर्यतीच्या गाड्यांची माणसं लांबून लांबून तिच्याकडे येत. चाळिशी उलटली तरी गॅरेजांच्या त्या गल्लीत सगळे तिला धाकटीच म्हणायचे, आणि खऱ्या नावानं कुणी हाक मारली तर ती दुसऱ्याच कुणासाठी आहे असं तिला वाटायचं.

लेथ थांबल्यावर डॉक्टरांनी तक्रार सांगितली. सिग्नलला गाडी उभी असते, गिअर टाकलेला असतो, पाय ब्रेकवर असतो. रेसच्या पेडलला ते शिवतही नाहीत. तरी इंजिन चढायला लागतं. चढत चढत एका आकड्यावर जातं आणि तिथंच खिळून राहतं. ब्रेकवरून पाय उचलला की गाडी अशी झेपावते की मान मागे आपटते. तीन गॅरेजं करून झाली होती. वायर बदलली, स्प्रिंग बदलली, पेडल आख्खं बदललं. त्यात मेख अशी की शेजारी कुणी बसलं की गाडी शहाण्यासारखी वागते. बायको आठवडाभर सोबत फिरली आणि आता तिचं मत झालं होतं की गाडीपेक्षा डॉक्टरांनाच कुणाला तरी दाखवावं.

"कितीवर जाऊन थांबते?" धाकटीनं विचारलं.

"मिनिटाला चौतीसशे फेऱ्यांवर. काटा इकडचा तिकडे होत नाही."

धाकटीनं हात पुसायला घेतलेलं फडकं हातातच राहिलं. मग तिनं त्यांना ते नेहमीचंच समजावून सांगितलं, जे ती प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायची. डब्यात दोन पंखे असतात, समोरासमोर. एक इंजिनाला जोडलेला, एक गिअरबॉक्सला. मध्ये तेल. टेबलफॅन लावून त्याच्यापुढे दुसरा बंद पंखा ठेवला तर वाऱ्यानं तोही फिरायला लागतो, तसं पहिला पंखा तेल फेकतो आणि दुसरा त्या तेलानं फिरतो. मधलं एक छोटं चक्र परत येणारं तेल वळवून पुन्हा कामाला लावतं, म्हणून सुरुवातीचा जोर वाढतो. आता दुसरा पंखा कुणी धरून ठेवला, म्हणजे ब्रेक दाबून गाडी जागेवर रोखली आणि पूर्ण रेस दिली, तर इंजिन त्या तेलाशी झुंजत एका आकड्यापर्यंतच चढतं. पुढे जात नाही. त्याला म्हणतात स्टॉल स्पीड. रोजच्या गाडीत तो दोन हजारांच्या आसपास असतो. शर्यतीच्या गाडीचं इंजिन कमी फेऱ्यांवर मरगळलेलं असतं, त्याची खरी ताकद वरच्या फेऱ्यांत असते. म्हणून पात्यांचा कोन बदलून तेलाला जरा जास्त निसटू द्यायचं, म्हणजे गाडी सुटण्याआधीच इंजिन आपल्या ताकदीच्या जागी जाऊन पोचतं.

"पण कन्व्हर्टर फक्त कुठवर चढायचं ते ठरवतो," ती म्हणाली. "चढ म्हणून सांगायला पाय लागतो."

"तेच विचारायला आलोय," डॉक्टर म्हणाले. "पाय कुणाचा?"

गाडी बाहेर उन्हात उभी होती. रंग राखाडी, नवा. पण दाराच्या कडेला एक पोपडा निघाला होता आणि त्याखालून पिवळा रंग डोकावत होता. धाकटीचा नवरा गिअरबॉक्सचं काम करायचा. त्यानं गाडी रॅम्पवर चढवली, खालचं झाकण काढलं आणि टॉर्च लावून आत बघितलं. मग टॉर्च बायकोच्या हातात दिला आणि चहा आणायला निघून गेला. चहा तो कधीच आणायचा नाही.

आत डब्याच्या कडेनं वेल्डची रेघ गेली होती आणि जिथं ती संपत होती तिथं एक बारीकसा हूक मागे वळला होता. वेल्ड संपवताना मनगट तसं फिरवायची खोड त्या गल्लीत एकीचीच होती.

ती भावोजींची गाडी होती.

भावोजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर सुट्टीच्या दिवशी शर्यती व्हायच्या, त्यात ते पळायचे. जिंकण्याचं त्यांना फारसं वेड नव्हतं. त्यांना आवडायचा तो सुटण्याआधीचा क्षण. डावा पाय ब्रेकवर, उजवा रेसवर, इंजिन आपल्या आकड्यावर जाऊन गर्जतंय, गाडी थरथरतेय आणि चाक मात्र जागचं हलत नाही. त्या वेळी गाडी उभीही असते आणि निघालेलीही असते, असं ते म्हणायचे. तो आकडा नेमका चौतीसशेच हवा म्हणून त्यांनी धाकटीच्या मागे लकडा लावला होता. तिनं तीनदा डबा कापून पाती वाकवली आणि शेवटी त्यांना हवा तसा करून दिला. धाकटी हे नावही त्यांनीच गल्लीत रुजवलेलं.

एका दुपारी ते धावपट्टीवर उभे राहिले. शेजारी दुसरी गाडी. दिव्यांचा खांब लाल झाला, पिवळा झाला, हिरवा झाला. शेजारची गाडी सुटून पार पुढे गेली. भावोजींची तिथंच उभी होती, चौतीसशेवर गर्जत. लोक हसले, कुणी ओरडलं की अहो, जागे व्हा. मग खालून लालसर तेल वाहायला लागलं आणि पाठोपाठ धूर. इंजिनाची सगळी ताकद त्या तेलात उष्णता होऊन उतरत होती आणि तेल उकळत होतं. माणसं धावली, दार उघडलं, किल्ली फिरवली. भावोजींचं हृदय हिरवा दिवा लागण्याआधीच थांबलं होतं. सीट पुढे ओढून बसायची त्यांची सवय. गुडघे स्टिअरिंगखाली अडकले होते आणि दोन्ही पाय जिथल्या तिथे राहिले होते. ताई तेव्हा कुंपणापाशी उभी होती.

गाडी विकायची ताईची घाई होती. धाकटीनं डबा कापून धुतला, जळकी घाण काढली, पुन्हा जोडला आणि गाडी चालती करून दिली. त्यानंतर दोघी बहिणींत त्या गाडीचा विषय निघाला नव्हता.

यातलं डॉक्टरांना तिनं त्या दिवशी काही सांगितलं नाही. आधी चाचणी घेऊ म्हणाली. चाकांना अडण्या लावल्या, नवरा मागच्या सीटवर बसला, डॉक्टर बाजूला उभे राहिले. तिनं ब्रेक दाबून पूर्ण रेस दिली. काटा चौतीसशेवर गेला. तिनं लगेच पाय काढला, गिअर सोडवला आणि तेल थंड व्हायला इंजिन मंद चालू ठेवलं. अगदी बिनचूक. गाडीत काही दोष नव्हता.

मग तिनं नवऱ्याला उतरायला सांगितलं. तो जरा घुटमळला, पण उतरला. दारं बंद झाली. बाहेरच्या गल्लीचा आवाज काचेपलीकडे राहिला. तिनं उजव्या पायानं ब्रेक दाबला, गिअर टाकला आणि डावा पाय सीटखाली ओढून घेतला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. बाहेर डॉक्टर घड्याळात बघत होते. मग रेसचं पेडल खाली गेलं. तिच्या डोळ्यांदेखत गेलं, हळू, न अडखळता, सरावाच्या पायाखाली जातं तसं. इंजिन चढलं. काटा चौतीसशेवर जाऊन थांबला. आणि त्याच वेळी ब्रेकवरच्या तिच्या पायावर वजन आलं. बुटाचा तळवा बोटांवर टेकावा आणि दाब वाढत जावा तसं. दुखत नव्हतं. सांभाळून टेकवलेला पाय होता तो.

तिनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि ती बाहेर आली. नवऱ्यानं तिचा चेहरा बघितला आणि स्टूल पुढे सरकवलं. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे मला वेड लागलेलं नाही." त्यांच्या आवाजात सुटका होती, आणि नंतर त्यांनाच त्याची लाज वाटल्यासारखी झाली.

तेव्हा तिनं त्यांना सगळं सांगितलं. गाडी त्यांनी तिथल्या तिथे टाकून दिली असती तरी तिनं काही म्हटलं नसतं. आपण रोज लोकांना आ करून बसवतो, डॉक्टर म्हणाले, आणि माणूस किती वेळ एकाच जागी ताठ राहू शकतो ते आपल्याला ठाऊक आहे. याच्यावर काही उपाय करता आला तर करा.

धाकटीला एकच उपाय येत होता. तिनं आपला डबा काढला आणि गाडीचा मूळचा, मोठ्या घेराचा साधा कन्व्हर्टर बसवला. त्याचा स्टॉल दोन हजारांवर होता. आकडाच राहिला नाही तर थांबायला जागा उरणार नाही, असा तिचा हिशेब. पण डॉक्टर दोन दिवसांत परत आले. काटा आता दोन हजारांवर अडायचा, आणि तिथून वर जाता येत नाही म्हणून इंजिन कण्हायचं. आख्खी गाडी हादरायची. आधी ती वाट बघत होती, डॉक्टर म्हणाले, आता कुणीतरी तिचं तोंड दाबून धरल्यासारखं वाटतं.

त्या संध्याकाळी धाकटी ताईकडे गेली. ताई पडदे शिवायची. घरभर कापडाचे तागे, मशीनवर अर्धवट घडी घातलेली झालर. धाकटीला वाटलं होतं की ताई चिडेल किंवा रडेल, निदान असलं काही बोलू नकोस म्हणेल. ताईनं सगळं ऐकून घेतलं, दातात धरलेल्या टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या आणि विचारलं, गाडीचा रंग का बदलला. डॉक्टरांच्या बायकोला पिवळा आवडत नाही, असं धाकटीनं सांगितलं. ताई म्हणाली, ह्यांनाही आवडत नव्हता, तो माझाच हट्ट.

मग मशीनवर झाकण घालताना ती म्हणाली, "मला बसव त्या गाडीत."

ताईला गाडी येत नव्हती अशातला भाग नव्हता, पण ती चालवायची ती छोटी, भाजी आणायपुरती. या गाडीला तिनं कधी हात लावला नव्हता. धाकटीनं नाना तऱ्हेनं समजावलं. ही गाडी सुटली की दगडासारखी सुटते. आणि जागेवर धरून ठेवली तर थोड्या क्षणांत तेल उकळतं, मग आत काय काय फुटेल सांगता येत नाही. ताई म्हणाली की ते मी पाहिलंय.

धाकटीनं आपला डबा पुन्हा चढवला. नवरा रॅम्पखाली तिच्यासोबत बोल्ट आवळत होता. या असल्या गोष्टींवर आपला काडीचा विश्वास नाही असं त्यानं दोनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगायच्या ऐवजी ब्रेकचे पॅड नवे टाकूया का असं विचारलं. टाकले.

धावपट्टीवर शर्यती बंद होऊन काळ लोटला होता. सिमेंटच्या भेगांतून गवत वर आलं होतं, दिव्यांच्या खांबाचं नुसतं लोखंड उरलं होतं. भर दुपार होती. ऊन इतकं लख्ख की गाडीची सावली तिच्या पोटाखाली गोळा झाली होती. डॉक्टर दवाखान्यातून शस्त्रक्रियेचं हिरवं कापड घेऊन आले होते. कुणी सांगितलं नव्हतं. दिवा नाही तर निदान काहीतरी हिरवं असावं, म्हणून आणलं, असं त्यांनी ओशाळून सांगितलं आणि ते घेऊन पुढे जाऊन उभे राहिले. नवऱ्यानं आग विझवायचं नळकांडं काढून ठेवलं.

ताई बसली. सीट पुढे ओढून घेतली. धाकटीनं खिडकीतून वाकून शेवटचं सांगितलं, की इंजिन आकड्यावर गेलं की डॉक्टर कापड वर करतील, तू लगेच ब्रेकवरून पाय उचल आणि स्टिअरिंग सरळ धर. ताईनं मान डोलावली आणि काच वर केली.

सगळे मागे सरले. गाडी मंद आवाजात घुरघुरत होती. मग तो आवाज चढला. धाकटीनं तो आवाज इतक्यांदा ऐकला होता की काटा बघायची गरज नव्हती. चौतीसशे. गाडी मागच्या चाकांवर किंचित बसली आणि थरथरायला लागली. डॉक्टरांनी हिरवं कापड दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं.

गाडी हलली नाही.

डॉक्टरांनी कापड खाली केलं, पुन्हा वर केलं. गाडी गर्जत उभी. धाकटीला वाटलं, ताईला दिसलं नसेल. मग वाटलं, भीतीनं पाय आखडला असेल. मग नाकात तो वास आला, तापलेल्या तेलाचा, गोडसर आणि जळका. ती धावली. नवरा नळकांडं घेऊन मागोमाग. काचेवर ऊन चमकत होतं म्हणून आतलं जवळ गेल्यावरच दिसलं. ताई समोर बघतच नव्हती. ती शेजारच्या रिकाम्या सीटकडेही बघत नव्हती. मान खाली घालून, मांडीवर डोकं ठेवलेल्या माणसाशी बोलावं तशी ती बोलत होती. ओठ हलत होते, मध्ये थांबत होते, जसे समोरच्याचं ऐकून घ्यायला थांबतात. हात स्टिअरिंगवर नव्हते.

धाकटीनं काचेवर थाप मारली. ताईनं वर बघितलं, आणि धाकटीला ओळखायला तिला अंमळ वेळ लागला. मग तिनं पुन्हा खाली बघून एक शब्द उच्चारला.

गाडी सुटली. काचेवरचा हात निसटून धाकटी मागे कोलमडली. डॉक्टर बाजूला उडी मारून गवतात पडले आणि गाडी त्यांच्या जागेवरून सरळ पुढे गेली, एका रेघेत, जराही न डगमगता, तशी ती पूर्वी जायची. पट्टीच्या टोकाशी तिचा वेग उतरला. ती थांबली. लांबून दार उघडलेलं दिसलं, आणि ताई उतरून बोनेटला टेकून उभी राहिली.

ते पोचले तेव्हा ताईचा श्वास नेहमीसारखा चालला होता. तिला लागलं नव्हतं. खालून तेलाचे थेंब पडत होते, फार नाही. नवरा वाकून बघत बसला. डॉक्टर कोपर चोळत म्हणाले की पाय उचलायला उशीर झाला का.

"पाय मी उचललाच नाही," ताई म्हणाली. "माझा पाय ह्यांनीच बाजूला सारला."

परत येताना ती डॉक्टरांच्या शेजारी बसली आणि वाटेत तिनं त्यांना दाढ दुखते म्हणून सांगितलं. पुढच्याच आठवड्यात ती काढून घेतली.

गाडीला त्यानंतर काही झालं नाही. धाकटीनं तेल बदललं, फुगलेली सील बदलली, आणि आतला डबा तसाच ठेवला. सिग्नलला डॉक्टर ब्रेक दाबून उभे राहत आणि इंजिन खाली पुटपुटत राही, सगळ्या गाड्यांचं राहतं तसं. डॉक्टरांची बायको म्हणाली की आता सारखं शेजारी बसावं लागत नाही, आणि मग एकटीच गाडी घेऊन माहेरी जाऊन आली. डॉक्टर मात्र एकदा धाकटीला म्हणाले की गाडी सुरू करायच्या आधी ते अजून क्षणभर थांबतात. कशासाठी ते त्यांना सांगता येत नव्हतं.

गाडीत काय बोलणं झालं ते धाकटीनं बरेच दिवस विचारलं नाही. मग एका दुपारी ताई गॅरेजात आली होती, खिडकीला पडद्याचं माप घ्यायला. धुळीनं भरलेल्या त्या खिडकीला पडदा हवाच कशाला असं नवरा म्हणत होता. तो बाहेर गेल्यावर धाकटीनं विचारलं.

ताई टेप गुंडाळत राहिली.

"लागला का, एवढंच विचारत होते," ती म्हणाली. "पुन्हा पुन्हा तेच. दिवा लागला का."

"मग तू सांगितलं नाहीस?"

"लगेच नाही सांगितलं. घरातलं बोलले. छपराचं, पावसाळ्यात गळतं त्याचं. आईच्या दुखण्याचं. तू कशी आहेस ते सांगितलं. हो म्हटलं की जाणार, हे मला कळत होतं गं." तिनं टेप पर्समध्ये ठेवली. "तुझं ते तेल तापलं नसतं, तर मी संध्याकाळपर्यंत धरून ठेवलं असतं."

लेथवर एक नवा डबा चढवलेला होता, कुणा तरुण गिऱ्हाइकाचा. त्याला स्टॉल चार हजारांवर हवा होता. ताईनं त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं की इतका कशाला लागतो. धाकटीनं तिच्यासाठी स्टूल ओढलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, दोन पंख्यांपासून.